लंडनच्या रेडिओचा एक सोमवार, जानेवारी १९५४

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बीबीसीने 'रेडिओ टाइम्स'च्या जुन्या अंकांतली कार्यक्रमपत्रकं लोकांसाठी ऑनलाइन ठेवली आहेत, ती चाळताना तुम्ही १९५४च्या जानेवारीत येऊन थांबलात. एकाच दिवसात प्रार्थना, शाळेतली गाणी, कारखान्यातल्या कामगारांसाठी वाद्यवृंद, तान्ह्या मुलांची गोष्ट, गृहिणींचा तास, शेतकरी कुटुंबाची मालिका, सिंफनी, विनोदी कार्यक्रम आणि रात्री कवीचं नभोनाट्य. तुम्ही विचारता, 'ही खिचडी कुणी आणि कशाच्या आधारावर शिजवली? हे सगळं खरंच थेट व्हायचं का? आमच्या गावच्या सामुदायिक रेडिओला यातून काही घेता येईल का?'

मी आकाशवाणीच्या कार्यक्रम विभागात तीसहून अधिक वर्षं काढली. सकाळ, दुपार, रात्र अशा तिन्ही सभांचे तक्ते बांधले, ड्यूटी रूममध्ये रात्री जागवल्या. आपल्याकडच्या नभोवाणीची घडी बसवायला १९३५ साली लायोनेल फील्डेन आले ते बीबीसीतूनच, त्यामुळे त्या जुन्या इंग्रजी पत्रकांकडे मी कायम घरातल्या वडीलधाऱ्यांची वही उघडावी तसा बघत आलो. माझं उत्तर त्याच नजरेतून आहे.

पहिली गोष्ट म्हणजे ही खिचडी नव्हती. ते पत्रक वाचायची एक किल्ली आहे. प्रत्येक कार्यक्रमासमोर मनातल्या मनात एक रकाना आखा आणि त्यात लिहा, 'या वेळी ऐकणाऱ्याचे हात कशात गुंतलेले आहेत?' मग विसंगत वाटणारं सगळं पत्रक सरळ रांगेत उभं राहतं. दूरदर्शन संचाला डोळे द्यावे लागतात, वर्तमानपत्राला डोळे आणि हात दोन्ही. रेडिओला फक्त कान लागतात आणि कान बहुतेक वेळ मोकळे असतात. बीबीसीच्या मंडळींना हे नेमकं कळलं होतं आणि महायुद्धाने ते पक्कं करून घेतलं होतं.

आता पट मांडतो. त्या वेळी देशात तीन वाहिन्या होत्या. होम सर्व्हिस ही मुख्य वाहिनी, बातम्या, भाषणं, नाटकं, शाळा, प्रार्थना सांभाळणारी. ती प्रदेशांत वाटलेली होती. मिडलंड, उत्तर, पश्चिम, वेल्स, स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड यांना आपापले कार्यक्रम मधे घालता येत, वेल्समध्ये वेल्श भाषेतलेसुद्धा. दुसरी लाइट प्रोग्रॅम, २९ जुलै १९४५ला सुरू झालेली. युद्धात सैनिकांसाठी जी वाहिनी होती तिचीच ही शांततेतली वारस, करमणूक आणि सोबत यांसाठी. तिसरी थर्ड प्रोग्रॅम, २९ सप्टेंबर १९४६ची. ती फक्त संध्याकाळी सहापासून असायची आणि तिथे तडजोड नव्हती.

या तिघींमागे महासंचालक विल्यम हेली यांची कल्पना होती. समाज म्हणजे एक रुंद पायाचा सांस्कृतिक पिरॅमिड आहे, आणि श्रोत्याने लाइटवरून होमकडे, होमवरून थर्डकडे हळूहळू चढत जावं. प्रत्यक्षात फार थोडे चढले. थर्डचे श्रोते शेकड्यात एक-दोनच राहिले. तरी मला हेलींची कल्पना आजही मोलाची वाटते, कारण तिने लाइटवर काम करणाऱ्यांनाही आपण कुणाला तरी कुठे तरी नेतो आहोत याचं भान दिलं. जाहिरात नव्हती. घरटी वर्षाला एक पौंड परवाना फी, त्यावर सगळा डोलारा. १९५०च्या आसपास असे सुमारे सव्वा कोटी परवाने होते.

आता सोमवारच घेऊ. इंग्लंडमध्ये जानेवारीत सूर्य आठच्या सुमारास उगवतो. म्हणजे सकाळी सातच्या बातम्या काळोखात. त्याआधी ग्रीनिचचे सहा ठोके. १९२४पासून चालत आलेले हे ठोके ऐकून लोक घड्याळं लावायचे आणि गाडी गाठायला निघायचे. सातला बातम्या, आठला बातम्या, आणि आठच्या आधी पाच मिनिटांचं चिंतन. हात दाढीत, चहाच्या किटलीवर, मुलांच्या बुटांच्या नाड्यांवर. या वेळी कुणालाही लांब काही नको असतं. म्हणून सगळं छोटं, ठरलेलं, मिनिटाला बांधलेलं. निवेदक कोण हे सांगितलं जात नसे. युद्धात शत्रूने खोटी बातमी सोडू नये म्हणून वाचणाऱ्याचं नाव सांगायची पद्धत आली होती, ती युद्धानंतर पुन्हा बंद झाली.

नऊला लाइट प्रोग्रॅम उघडायचा आणि नऊ वाजून दहा मिनिटांनी 'हाउसवाइव्ज चॉइस'. आपल्या 'आपली आवड'च्या जातकुळीतला कार्यक्रम. गृहिणींनी पोस्टकार्डं पाठवायची आणि निवेदकाने त्यांच्या आवडीच्या तबकड्या लावायच्या. निवेदक ठरावीक दिवसांनी बदलत राहायचा. इथे सोमवारचं महत्त्व बघा. ब्रिटनमध्ये सोमवार हा धुण्याचा दिवस. घरोघरी मोठ्या भांड्यात पाणी उकळायचं, कपडे घासायचे, पिळायचे. धुलाई यंत्रं तेव्हा थोड्याच घरांत होती. बाई कोपरापर्यंत साबणात, घरात दुसरं कुणी नाही, बाहेर धुकं. त्या तासाला तिला नावाने हाक मारणारा, तिच्या बहिणीची फर्माईश वाचणारा आवाज म्हणजे काय असेल, हे ज्याने आपल्याकडे दुपारी पत्रं वाचली आहेत त्यालाच कळेल.

या कार्यक्रमात तबकड्या वाजत हेही लक्षात घ्या, कारण तबकड्या वाजवण्याचे तास बीबीसीला अगदी मोजून मिळायचे. तबकडी कंपन्या आणि वादकांची संघटना यांच्याशी करार होता, त्याला 'नीडल टाइम' म्हणत, म्हणजे सुईची वेळ. वादकांचं म्हणणं रास्त होतं. रेडिओने दिवसभर तबकड्याच लावल्या तर आम्ही वाजवायचं कुठे? म्हणून बीबीसीने ते मोजके तास जिथे सर्वांत जास्त मोल होतं तिथे खर्च केले, गृहिणींच्या सकाळी आणि रविवारच्या दुपारी, जेव्हा जर्मनीतल्या छावण्यांमधले ब्रिटिश सैनिक आणि त्यांची घरं फर्माईशींनी जोडली जायची. उरलेलं संगीत हाडामांसाच्या माणसांनी वाजवायचं. बीबीसीने स्वतःचे किती वाद्यवृंद पोसले ते बघा. १९३०चा सिंफनी ऑर्केस्ट्रा, १९५२चा कॉन्सर्ट ऑर्केस्ट्रा, शिवाय उत्तरेचा, स्कॉटलंडचा, वेल्सचा, आणि हलक्याफुलक्या कार्यक्रमांसाठी आणखी. पत्रकात जी विविधता दिसते तिचं अर्धं कारण या करारात आहे. बंधन नसतं तर दिवस तबकड्यांनी भरून गेला असता आणि तुम्ही हा प्रश्न विचारला नसतात.

सव्वादहाला होमवर रोजची उपासना. १९२८पासून. वॉटफर्डमधल्या एका बाईंनी चिकाटीने सह्या गोळा केल्या, पत्रव्यवहार केला, आणि आजारी, म्हाताऱ्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या माणसांसाठी ही पंधरा मिनिटं मिळवली. इथे 'हात' या रकान्यात काय लिहाल? अंथरुणाला खिळलेल्या माणसाचे रिकामे हात.

साडेदहाला लाइटवर 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. याच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण सबंध पत्रकात मला सर्वांत शिकवून गेलेला कार्यक्रम हाच. जून १९४० मध्ये, फ्रान्सच्या डंकर्क किनाऱ्यावरून ब्रिटिश सैन्याला माघार घ्यावी लागली त्यानंतर, दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका आणि पुरुष लांबच्या पाळ्या करत होते. तोचतोचपणाने हात मंदावतात. उपाय म्हणून अर्धा तास अखंड संगीत, सकाळी एकदा, दुपारी एकदा. कारखान्यात भोंगे लावून ते यंत्रांच्या वर ऐकू यायला हवं. मग नियम ठरले. आवाजाची पातळी शेवटपर्यंत सारखी, कारण हळुवार भाग यंत्राच्या घरघरीत बुडतो. मधे बोलणं नाही. चाली ओळखीच्या. लय अशी की हात चालू राहावा, पण कामाचं लक्ष उडू नये. 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे अमेरिकेहून आलेलं गाणं त्यात चार टाळ्या असल्यामुळे वगळलं गेलं. कामगार टाळ्यांच्या जागी हातातली हत्यारं यंत्रांवर आपटतील अशी भीती होती. श्रोत्याचे हात याहून जवळून कुणी बघितले असतील असं मला वाटत नाही. संगीतकार एरिक कोट्स यांनी संकेतधून दिली, ती या कामगारांनाच हाक मारणारी होती.

१९५४ मध्ये युद्ध संपून आठ वर्षं उलटली होती, पण कार्यक्रम तसाच चालू होता आणि रोज वेगळा वाद्यवृंद स्टुडिओत येऊन थेट वाजवत होता. कधी ब्रास बँड, कधी नृत्यसंगीताचा ताफा, कधी व्हायोलिनवाले. जेवणाच्या सुट्टीत आठवड्यातून तीनदा 'वर्कर्स प्लेटाइम' असे, तो तर कारखान्याच्या कँटीनमध्येच जाऊन व्हायचा. पियानो, विनोदवीर, गायिका आणि समोर ताटं घेऊन बसलेले कामगार. आपल्या आकाशवाणीवरची कामगारांची सभा याच झाडाची फांदी.

अकराच्या सुमारास दोन वाहिन्यांवर दोन वेगळी जगं. होमवर शाळा. 'सिंगिंग टुगेदर' १९३९ साली, शहरातली मुलं बाँबच्या भीतीने खेड्यात पाठवली गेली तेव्हा सुरू झालेला. सोमवारी सकाळी देशभरच्या वर्गांत मुलं पुस्तिका उघडून रेडिओबरोबर लोकगीतं म्हणत. गाण्याचे शिक्षक नसलेल्या दोन खोल्यांच्या शाळेलाही उत्तम गायक आणि पियानो मिळत होता. लाइटवर त्याच वेळी 'मिसेस डेल्स डायरी', डॉक्टरच्या बायकोची रोजनिशी, जानेवारी १९४८पासूनची. आदल्या दुपारी चारनंतरचा भाग दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा लागे. सकाळी ज्या बाईचे हात धुण्यात ती दुपारी ऐकेल, दुपारी जी दुकानात ती सकाळी. पुनःप्रक्षेपण ही वेळ भरण्याची युक्ती नव्हती, दोन वेगळ्या दिनक्रमांच्या बायकांना एकच गोष्ट पोचवण्याची सोय होती. हे मला कळायला दहा वर्षं लागली.

पावणेदोनला 'लिसन विथ मदर', १६ जानेवारी १९५०पासूनचा, पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटं. सुरुवातीला फ्रेंच संगीतकार फोरेची हळुवार पियानोची धून आणि मग गोष्ट सांगणाऱ्या ज्युलिया लँगचं ते वाक्य, 'नीट बसलात ना? मग मी सुरू करते.' हे तिच्या तोंडून आधी उत्स्फूर्तपणे आलं आणि पुढे रोजचं झालं. मधे क्षणभराचा थांबा असे, त्यात घराघरांतून मुलं 'हो' म्हणत. माझ्या मते नभोवाणीतला तो सर्वांत सुंदर थांबा. आम्हाला निवेदनाच्या प्रशिक्षणात शांततेची भीती घातली जाते, सेकंदभर आवाज गेला की ड्यूटी रूममधला फोन वाजतो. इथे शांतता श्रोत्याला दिलेली होती.

त्याला लागूनच दोनला 'विमेन्स आवर'. हा जोड बघा. मुलाची गोष्ट संपते, मूल झोपतं किंवा खेळायला लागतं, आईला बसायला तास मिळतो. घरातल्या दिवसाची अशी शिवण ज्या कुणी बसवली त्याला मी नमस्कार करतो. कार्यक्रम ऑक्टोबर १९४६चा, आणि पहिला सूत्रधार पुरुष होता याबद्दल बायकांनी तेव्हाच कान उपटले. यात स्वयंपाक होता, शिवण होती, पण रजोनिवृत्तीसारख्या विषयावर चाळीसच्या दशकातच बोलणं झालं आणि वरिष्ठांच्या भुवया उंचावल्या. १९५४च्या जानेवारीत मांस, लोणी, चरबी अजून रेशनवरच होती. मांसाचं रेशन त्या वर्षीच्या जुलैत सुटलं. तेव्हा पाककृती सांगणाऱ्या बाईला प्रत्येक चमचा तोलूनच बोलावं लागे.

पाककृतींवरून आपल्या एका माणसाची आठवण काढल्याशिवाय पुढे जाववत नाही. युद्धकाळात होम सर्व्हिसवर सकाळी 'किचन फ्रंट' नावाचा छोटा कार्यक्रम असे, शिध्यात काय आणि कसं शिजवावं सांगणारा. त्यात शाकाहारी पदार्थ सांगायला कोल्हापूरकडच्या वेणू चितळे होत्या. त्या बीबीसीच्या भारतीय विभागात काम करत, जॉर्ज ऑर्वेल तिथे होते तेव्हा त्यांच्याबरोबरही. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऑर्वेल यांच्यासोबत एका टेबलाभोवती बसलेल्या चितळेबाईंचं १९४२चं छायाचित्र प्रसिद्ध आहे. लंडनहून मराठीत प्रक्षेपण १९४२ साली सुरू झालं आणि १९५८पर्यंत चाललं. म्हणजे आपण ज्या सोमवारबद्दल बोलतो आहोत त्या काळात त्याच संस्थेच्या लघुलहरींवर मराठी शब्दही होते.

पाचला होमवर 'चिल्ड्रन्स आवर'. मुलं शाळेतून आली, चहा, पाव, गोष्ट. एकदा एका केंद्रावर मी मुलांचा कार्यक्रम सोयीसाठी अर्धा तास पुढे सरकवला. मला वाटलं, अर्ध्या तासाने काय बिघडतं? पंधरवड्यात पत्रांचा ढीग आला. त्या वेळेला मुलं क्लासला निघतात हे मी विचारलंच नव्हतं. कार्यक्रम चांगला होता, कलाकार चांगले होते, माझा तक्ता चुकला होता. तेव्हापासून कोणतंही पत्रक मी वेळेच्या रकान्यापासून वाचतो. बीबीसीने हे अंदाजावर सोडलं नव्हतं. १९३६पासून रॉबर्ट सिल्वी यांच्या हाताखाली श्रोता संशोधन चालू होतं आणि रोज माणसं पाठवून लोकांना विचारलं जाई, काल काय ऐकलंत, कितीला ऐकलंत.

सहाला बातम्या. पावणेसातला लाइटवर 'द आर्चर्स'. ही जागा आधी 'डिक बार्टन' या हेराच्या धाडसी मालिकेची होती, जिला भराच्या काळात दीड कोटी श्रोते होते. मग बीबीसीच्या बर्मिंगहॅम केंद्राचे निर्माते गॉडफ्री बेसली शेतकऱ्यांशी बोलले. १९४८च्या एका सभेत लिंकनशायरच्या एका शेतकऱ्याने सुचवलं की शेतीचाच एक डिक बार्टन काढा. युद्धानंतर अन्नधान्य कमी, उत्पादन वाढवायचं होतं, शेतीखात्याला नवी पद्धत शेतकऱ्यापर्यंत न्यायची होती. १९५०च्या मे महिन्यात मिडलंड प्रदेशापुरता आठवडाभर प्रयोग झाला, १ जानेवारी १९५१पासून देशभर. लिहिणारे एडवर्ड मेसन आणि जेफ्री वेब दोघेही डिक बार्टनचेच लेखक. उत्कंठा कशी टिकवायची ते त्यांना ठाऊक होतं आणि गाईचा आजार, खताचं प्रमाण, कुंपणाची डागडुजी ही माहिती ते भांडणातून, लग्नातून, खानावळीतल्या गप्पांतून सोडत. २२ सप्टेंबर १९५५ला, व्यापारी टीव्हीच्या उद्घाटनाच्या रात्री, तबेल्याच्या आगीतून घोडा सोडवताना ग्रेस आर्चर मेली आणि देश हळहळला. आपल्याकडे शेतीचे कार्यक्रम करणाऱ्या प्रत्येकाने या मालिकेची बांधणी अभ्यासावी. आम्ही बरेचदा तज्ज्ञाला माइकसमोर बसवलं आणि माहिती ओतली. बेसलींनी माहितीला नातेवाईक दिले.

आता तुमचा दुसरा प्रश्न, थेट की मुद्रित. मिश्र. बातम्या, निवेदन, बरंचसं संगीत, भाषणं थेट. पन्नासच्या दशकात चुंबकीय फीत रुळू लागली होती, त्याआधी लाखेच्या तबकड्यांवर मुद्रण होई आणि ते कापता-जोडता येत नसे. त्यामुळे विनोदी कार्यक्रम आणि मालिका आधी मुद्रित व्हायला लागल्या, पण 'भाषण' म्हणजे शब्दन् शब्द लिहिलेलंच. सहज गप्पा वाटणाऱ्या मुलाखतीसुद्धा कागदावरून वाचल्या जात. कागदाचा आवाज ही वेगळीच विद्या. नट पानं टाचत नसत, एकेक सुटं पान वाचून झालं की अलगद खाली सोडून देत. घोड्याच्या टापांसाठी नारळाच्या करवंट्या, वाळूवरच्या पावलांसाठी वाळूचाच ट्रे. प्रत्येक वाहिनीच्या जोडणी-कक्षात एक निवेदक आणि एक तंत्रज्ञ शेजारी शेजारी बसत. बर्मिंगहॅमची मालिका, कारखान्याचं कँटीन, लंडनचा स्टुडिओ हे सगळे धागे तिथे एकत्र येत. ६ फेब्रुवारी १९५२ला सकाळी सव्वाअकराला निवेदक जॉन स्नॅग यांनी राजा सहावा जॉर्ज गेल्याचं सांगितलं, तेव्हा दिवसाचं सगळं पत्रक काही मिनिटांत बाजूला पडलं. ज्याने असा प्रसंग ड्यूटीवर अनुभवला आहे, मी अनुभवला आहे, त्याला त्या खोलीतले चेहरे डोळ्यांसमोर दिसतील.

रात्र मी भरभर सांगतो, कारण रात्रीच्या कार्यक्रमांवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. साडेसात ते दहा हात मोकळे होत, विणकामाच्या सुया सोडून. मग विनोद, नाटक, प्रश्नमंजूषा, ऑर्केस्ट्रा. 'टेक इट फ्रॉम हिअर', 'एज्युकेटिंग आर्ची', 'द गून शो' हे सगळे याच वर्षांतले. विनोदाला मात्र शिस्तीचा जाच होता. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस लेखकांसाठी एक हिरवी पुस्तिका निघाली. संडास, मधुचंद्राची जोडपी, खोलीतली मोलकरीण, बायकांची अंतर्वस्त्रं, फिरते विक्रेते, सशांच्या सवयी यांवर विनोद नको, अशी ती यादी. मला ती यादी चुकीची वाटते. पण तिच्या भिंतींवर डोकं आपटूनच तिथले लेखक नुसत्या ध्वनीतून आणि शब्दांच्या वेड्यावाकड्या खेळातून हसवायला शिकले हेही दिसतं. राजकारणाचं बंधन याहून जाचक होतं. संसदेत पुढच्या चौदा दिवसांत जे चर्चेला येणार त्यावर रेडिओवर चर्चा नाही. हा नियम १९५६ला स्थगित झाला, तोही सुएझ कालव्यावरून पेटलेल्या संघर्षाच्या वर्षी.

नऊला बिग बेनचे टोले आणि होमच्या बातम्या. युद्धात या टोल्यांच्या वेळी लोक मिनिटभर स्तब्ध बसत, ती सवय अनेक घरांत उरली होती.

आणि थर्ड. सोमवार, २५ जानेवारी १९५४. त्या रात्री थर्ड प्रोग्रॅमवर वेल्सचे कवी डिलन टॉमस यांचं 'अंडर मिल्क वुड' पहिल्यांदा प्रक्षेपित झालं. निर्माता डग्लस क्लेव्हरडन, आणि 'पहिला आवाज' या निवेदकाच्या भूमिकेत नट रिचर्ड बर्टन. कवी स्वतः दोन-अडीच महिन्यांपूर्वी न्यू यॉर्कमध्ये वारला होता. क्लेव्हरडन वर्षानुवर्षं त्याच्या मागे लागून हे लिहून घेत होते. हे 'आवाजांसाठीचं नाटक' आहे आणि त्याचा विषय एका काल्पनिक वेल्श गावाचा एक दिवस, पहाटेच्या काळोखापासून रात्रीच्या काळोखापर्यंत. टपालवाला, शाळेतली शिक्षिका, आंधळा म्हातारा खलाशी, बेकरीवाला, मेलेली माणसं. ऐकताना मला नेहमी वाटतं की त्या दिवशी सकाळी सातपासून तिन्ही वाहिन्या जे सुटं सुटं करत होत्या तेच या माणसाने दीड तासात केलं. माणसं आपापल्या कामात गुंतलेली असताना त्यांच्या जवळ जाऊन बसला. मोजकेच लोक ऐकत होते. त्या वर्षीचं प्री इतालिया हे नभोवाणीचं आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्या नाटकाला मिळालं, आणि ते आजही नव्याने केलं जातं. शेकड्यात दोन श्रोत्यांसाठी एवढा पैसा का, असं तेव्हाही विचारलं जाई. खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉइल यांनी विश्वाच्या उत्पत्तीच्या सिद्धांताला 'बिग बँग' हे नाव १९४९ साली याच वाहिनीवरच्या भाषणात दिलं. नाटककार सॅम्युएल बेकेटचं पहिलं नभोनाट्य १९५७ला इथेच आलं, आणि त्याला लागणारे आवाज नेहमीच्या साधनांतून निघेनात, त्या खटपटीतून पुढच्या वर्षी रेडिओफोनिक वर्कशॉप, म्हणजे नवे ध्वनी घडवणारी बीबीसीची कार्यशाळा, उभं राहिलं. वाहिनीचा हिशेब एका रात्रीच्या श्रोत्यांवर मांडायचा नसतो असं माझं ठाम मत आहे.

अकराला लाइटवर 'अ बुक अॅट बेडटाइम', झोपायच्या वेळचं वाचन. मध्यरात्री वाहिनी बंद. तरुण पोरांनी तोवर सुई २०८ मीटरवर, रेडिओ लक्झेंबर्गकडे वळवलेली असायची, कारण त्यांना हवं ते संगीत बीबीसी देत नव्हती. हे बीबीसीचं खरं अपयश. हातांचा विचार करणाऱ्यांनी पंधरा ते वीस वयाच्या मुलांचे पाय पाहिलेच नाहीत. १९५४ मध्ये टीव्हीचे परवाने तीस लाखांपलीकडे गेले होते, १९५८पर्यंत ते नुसत्या रेडिओच्या परवान्यांहून जास्त झाले, आणि सप्टेंबर १९६७च्या अखेरीस तिन्ही वाहिन्यांची जुनी नावं गेली.

तुमच्या केंद्रासाठी यातलं काय घ्यायचं? कार्यक्रमांची नावं घेऊ नका, विषयही घेऊ नका. आधी आठवडाभर गावात फिरा आणि पहाटे चारपासून रात्री अकरापर्यंत दर अर्ध्या तासाला बायका, पुरुष, म्हातारी माणसं, शाळकरी मुलं काय करत असतात ते लिहून काढा. दूध संकलन केंद्रावर रांग कधी लागते, ऊसतोडीची टोळी न्याहारीला कधी बसते, अंगणवाडी कधी सुटते, शेताला वीज रात्री येते का दिवसा. मराठवाड्यातल्या गावाचा तक्ता कोकणातल्या गावाला चालणार नाही, आणि डिसेंबरचा जूनला चालणार नाही. हाताशी चांगला कथेकरी किंवा भजनी मंडळ असेल तर त्यांना मुद्रण करून ठेवण्याऐवजी आठवड्यातून एकदा थेट बसवा. चुका होतील, होऊ द्या. आणि कुणालाही वेळ बदलायला सांगण्याआधी पंधरवडा थांबा.

तक्ता झाला की मला पाठवा. दूध घालायच्या वेळेसमोर तुम्ही काय लिहिलंय ते मी सर्वांत आधी बघेन.